ट्रेनिंगचे तास मोजू नका, आधी कोणते कौशल्य हे ठरवा!

वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२५ च्या 'फ्युचर ऑफ जॉब्ज' अहवालानुसार, २०३० पर्यंत कर्मचाऱ्यांची ३९ टक्के मूळ कौशल्ये बदलतील किंवा कालबाह्य होतील. जगात १०० कामगार आहेत असे धरले, तर ५९ जणांना नव्याने शिकावे लागेल. त्यातील ११ जणांना ही संधी मिळण्याची शक्यता कमी आहे. खरी चिंता या ११ जणांची आहे.

अडचण कुठे आहे?
अनेक कंपन्या ऑनलाइन कोर्सचे पॅकेज घेतात, सगळ्यांना लिंक पाठवतात आणि वर्षाअखेरीस ट्रेनिंगचे तास मोजतात. कामाला काय हवे, हा प्रश्न मागेच राहतो.

आधी काय शिकवायचे?
तीन प्रश्न विचारावेत. हे कौशल्य नसेल तर जिवाला धोका आहे का? काम अडते का? पुढच्या दोन-तीन वर्षांत ते लागणारच आहे का?

कारच्या सर्व्हिस सेंटरचे उदाहरण घ्या. पेट्रोल इंजिनात मुरलेल्या मेकॅनिकसमोर आता इलेक्ट्रिक कार येते. नेहमीच्या कारची बॅटरी १२ व्होल्टची असते. अनेक इलेक्ट्रिक कारमध्ये मुख्य बॅटरी ३०० व्होल्टच्या पुढे असते. तिथे हात लावण्याआधी वीजपुरवठा सुरक्षितपणे तोडता येणे, हे पहिले कौशल्य. त्यानंतर बिघाड शोधण्याचे सॉफ्टवेअर. प्रेझेंटेशन कौशल्याचा कोर्स थांबू शकतो.

उपयोग झाला, हे कसे कळणार?
अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पायऱ्या मांडल्या: प्रशिक्षण आवडले का, शिकले का, कामात वापरले का आणि कामाचा निकाल सुधारला का. फीडबॅक फॉर्म भरून घेतला म्हणजे फक्त पहिली पायरी झाली. मेकॅनिकने गाडीवर काम नीट केले का, हे तिसऱ्या पायरीवर कळते.

मागे कोण राहते?
रात्रपाळीवाले, कंत्राटी कामगार आणि पन्नाशीकडे झुकलेले कर्मचारी. 'घरी जाऊन कोर्स करा' म्हटले की हेच आधी गळतात. म्हणून कामासाठी लागणारे शिक्षण कामाच्या वेळेत आणि पगारी हवे. यंत्र बदलताना कंपनी बजेट ठेवते. ते चालवणाऱ्या माणसासाठीही ठेवायला हवे. नाहीतर 'कौशल्य नाही' म्हणून उद्या त्यालाच घरी पाठवणे अन्यायाचे ठरेल.