सुट्टी आणि खाडा

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलाने आम्हा दोघांना सिंगापूरची सहल काढून दिली. विंचूरसारख्या गावात परदेश आता नवलाईचा राहिलेला नाही. खत-औषधांच्या कंपन्या दुकानदारांना बँकॉकला नेतात. त्या सहलीत बायकोचं तिकीट नसतं हे सांगायला नको. म्हणूनच 'दोघं' निघालो याचं आळीत जास्त कौतुक झालं. "ताई, मजा करा, घर विसरा," असं गटातल्या मैत्रिणींनी बजावून सांगितलं.

घर विसरण्यासाठी आधी आठ दिवस घर लावावं लागलं. सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या गोळ्यांची यादी भिंतीवर चिकटवली. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, दशम्या केल्या, कारण ह्यांना बाहेरचं सोसत नाही. मुलगा-सून नोकरीचे, म्हणून धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईला सहा रात्री आमच्याकडे झोपायला सांगितलं. ही ताई सकाळी माझ्याकडे येते, दिवसभर व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडते, संध्याकाळी पुन्हा भांड्यांना येते. तिने लगेच "हो" म्हटलं. ती "नाही" म्हणू शकली असती का, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

सिंगापूरला उतरलो तो रविवार होता. सेरंगून रोडच्या बाजूच्या एका गल्लीत हॉटेल. खोलीत शिरताच हे पलंगावर आडवे झाले. मी बॅग उघडली, शर्ट लटकवले, गोळ्यांची डबी काढली आणि बेसिनमध्ये मोजे धुवायला घेतले. कुणीही सांगितलं नव्हतं. उलट हे म्हणाले, "अगं, बस की जरा." त्यांचं म्हणणं मनापासून होतं. पण 'बस' म्हणणं वेगळं आणि उठून स्वतःचे मोजे धुणं वेगळं. इतक्यात मुलाचा फोन आला. आजीची सकाळची गोळी जेवणाआधीची की नंतरची? भिंतीवर लिहिलेलं होतं. तरी फोन मलाच. वडील त्याच खोलीत होते, आजी त्यांची सख्खी आई होती, पण प्रश्न माझ्या वाट्याचा.

थोड्या वेळाने बाहेर पडलो. टेक्का बाजारात ह्यांनी पहिली चौकशी केली ती कांद्याची! एक गुलाबी कांदा हातात घेऊन, सालीवर बोट फिरवून म्हणाले, "आपल्याकडचा आहे." डिसेंबर २०२३ ते मे २०२४ निर्यात बंद होती तेव्हा आमच्या भागात काय हाल झाले, ते त्या दुकानदाराला हिंदीतून सांगत राहिले. मी पिशवी धरून उभी. मला हसू आलं आणि बरंही वाटलं, माणूस कुठेही गेला तरी शेतकरीच राहतो. पण तो कांदा लावणाऱ्या, काढणाऱ्या, पात कापणाऱ्या, खळ्यावर निवडणाऱ्या बायकांबद्दल त्या गोष्टीत एक शब्द नव्हता. मीही तो घातला नाही.

दुपारी ऑर्चर्ड रोडला गेलो. मोठमोठी दुकानं, काचा, थंडगार हवा. आणि बाहेर, फुटपाथच्या कडेने, झाडाखाली, जिन्याच्या पायऱ्यांवर शेकडो बायका बसलेल्या. सतरंजी किंवा पुठ्ठा अंथरून, डबे उघडून, एकमेकींचे केस विंचरत, गाणी लावून, व्हिडिओ कॉलवर घरच्यांशी बोलत. काही तर सरळ झोपलेल्या. आपल्याकडे भर रस्त्यात बाई अशी पाय पसरून निजलेली पाहिली की लोक काय म्हणतील, हे सांगायला हवं का?

मी एकीशेजारी टेकले. शाळेत इंग्रजी शिकवलं त्याचा तिथे उपयोग झाला. ती फिलिपिन्सची, वय तिशीच्या आत, एका घरात राहून मुलं सांभाळणारी. तिची मुलगी तिकडे आजीजवळ. पहिले काही महिने तिचा पगार एजंटाच्या कर्जात गेला. "आज माझा सुट्टीचा दिवस," ती म्हणाली. 'माझा' या शब्दावर तिचा जोर होता.

सिंगापुरात परदेशातून आलेल्या अशा सुमारे तीन लाख बायका घरकाम करतात. १ जानेवारी २०१३ पासूनच्या करारांत त्यांना आठवड्याला एक दिवस सुट्टी द्यावी लागते. पण त्यात पळवाट होती, पैसे देऊन सुट्टीच्या दिवशीही काम करून घेता येई, आणि कर्जात बुडालेली बाई त्याला नाही कशी म्हणणार? म्हणून १ जानेवारी २०२३ पासून महिन्यातली किमान एक सुट्टी पैसे देऊनही काढून घेता येत नाही. हा काही स्वर्ग नव्हे. तिथे ही बाई गरोदर राहिली तर तिचा कामाचा परवाना जातो. मालकाच्याच घरात राहायचं म्हणजे बाकीचे सहा दिवस किती तास काम, हे कोण मोजणार? तरी एक दिवस कायद्यात लिहिलेला आहे आणि त्या दिवशी ती रस्त्यावर पाय पसरून बसू शकते.

आमच्या भाषेत मात्र त्या दिवसाला शब्दच नाही. घरकाम करणारी बाई आली नाही तर तो 'खाडा'. माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ताईच्या खाड्यांच्या फुल्या आहेत. मी निवृत्त शिक्षिका, किरकोळ रजा, आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा सगळं उपभोगलेली. मला रजा, तिला खाडा. बत्तीस वर्षं नोकरी करून आणि त्यातली बरीच वर्षं बायकांच्या गटात काढून हा फरक मला ऑर्चर्ड रोडच्या फुटपाथवर दिसावा, याची लाज वाटते.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. त्यात मंडळ आहे, नोंदणी आहे, मदतीच्या योजना आहेत, आठवड्याच्या सुट्टीचा हक्क नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा ठराव केला. आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिलं, पण तो अजून स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही.

आणि घरच्या बाईचं काय? सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं, आपल्या जिल्ह्यात, इथून जवळच. बाईच्या कष्टाचं मोल आणि तिच्या नावावर जमीन हे प्रश्न तिथून पुढे आले, लक्ष्मीमुक्तीत काहींच्या नावावर जमीन चढलीही. विश्रांती मात्र आपण कधी मागितली नाही. कष्टाळू म्हणवून घेण्यात आपल्यालाच अभिमान वाटतो. 'मला तर बाई बसवतच नाही' हे आपण तक्रार म्हणून सांगतो की मिरवतो?

मैत्रिणींनो, आपली शिबिरंही आठवून पाहा. दुपारच्या जेवणानंतर 'श्रमाची विभागणी' या विषयावर चर्चा रंगते, तेव्हा मागे भांडी घासणारी बाई कोण असते? तिला कधी गोलात बसवलं आहे? मी तरी नाही.

त्या रात्री हॉटेलात ह्यांना म्हटलं, "उद्यापासून आईंच्या गोळ्यांचा फोन तुम्ही घ्यायचा." त्यांनी घेतला. दोनदा चुकीचं सांगितलं, मग मुलाने भिंतीवरचा कागद वाचला. कुणाचं काही बिघडलं नाही.

घरी आले तेव्हा ताईचे डोळे ओढलेले होते. सहा रात्री सासूबाईंना कूस बदलून द्यायला ती उठली होती, दिवसा खळंही चुकवलं नव्हतं. माझी सुट्टी तिने जागून काढली होती. मी पर्स आणि जास्तीचे पैसे पुढे केले. तिने ते घेतले आणि म्हणाली, "ताई, पंचमीला दोन दिवस माहेरी जाईन. तेवढे खाडे धरू नका."

धरले नाहीत. रविवारची सुट्टी पगारी, असंही ठरवलं. पहिल्या रविवारी सकाळची भांडी ह्यांनी घासली आणि कढई तशीच ठेवली. गटाच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा अकराजणींपैकी तिघी तयार झाल्या. बाकीच्यांचं म्हणणं, तू पाडलेला पायंडा आम्हाला परवडणारा नाही. एकीने तर विचारलं, "मग आम्हाला रविवार कोण देणार?" तिचा प्रश्न खोटा नाही. पुढच्या बैठकीत तो आणि ताईचा रविवार, दोन्ही एकत्रच मांडणार आहे, आणि ताईलाही बोलावलं आहे, पण ती बैठक खळं सुटल्यावर, संध्याकाळी सहानंतर ठेवावी लागेल.