चूक आठव्या ओळीत नव्हतीच

फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलची गोष्ट. माझी रूम पार्टनर धडगावकडची, आश्रमशाळेत शिकलेली. लॅबमधल्या त्या जुन्या निळ्या स्क्रीनसमोर ती अर्धा तास एकच ओळ खोडून पुन्हा टाईप करत होती. कंपायलरचं म्हणणं, एरर आठव्या ओळीत आहे. आठवी ओळ अगदी बरोबर होती. सेमीकोलन राहिला होता सातवीच्या शेवटी! मागून कुणीतरी म्हणालं, "हिला इंग्लिशचा प्रॉब्लेम आहे."

मला रागच आला. मी कॉन्व्हेंटची, इंग्लिश फाडफाड येतं; आणि "एलव्हॅल्यू रिक्वायर्ड" वाचून मीसुद्धा तशीच बसले होते. डिक्शनरीत शब्द सापडेना. अर्थ इतकाच, की '=' च्या डावीकडे किंमत साठवता येईल असं काहीतरी हवं. मग तसं सांगा ना!

सी भाषेत नवी ओळ सुरू झाली याला काही अर्थ नसतो. सेमीकोलन नाही हे कंपायलरला पुढचा शब्द वाचल्यावर कळतं, म्हणून जुने कंपायलर तिथेच बोट ठेवतात. त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर. पण समोर बसलेल्या माणसाचं काय? नंदुरबारच्या मार्केटात व्यापारी निदान कुठल्या पोत्यातली मिरची ओली आहे ते दाखवतो, "इनव्हॅलिड मिरची" म्हणून घरी पाठवत नाही.

बरं, हे सुधारता येतं. जीसीसीच्या ४.८ आवृत्तीपासून (२०१३) चुकीची ओळ छापून तिच्याखाली खूण येते. पायथॉनमध्ये कंस बंद करायचा राहिला, तर पूर्वी पुढच्याच कुठल्यातरी ओळीवर नुसतं "इनव्हॅलिड सिंटॅक्स" यायचं. ३.१० पासून (२०२१) तो उघडा राहिलेला कंसच दाखवतो. नाव चुकलं तर "तुम्हाला हे म्हणायचं होतं का?" असंही विचारतो. इंग्लिशच आहे, पण कळतं.

फायनल इयरला आपण दुकानदारांसाठी छान छान स्क्रीन बनवतो. स्वतःच्या हत्याराकडे मात्र कुणी बघत नाही. "सवय होते," असं सीनियर्स सांगतात. होते ना, जे टिकतात त्यांना. माझ्या रूम पार्टनरने सेकंड इयरला सिव्हिल घेतलं.

सर, नवा कंपायलर फुकट मिळतो, पुढच्या टर्मआधी लॅबमध्ये टाकाच. तोवर आमच्या रूमच्या दारावर कागद चिकटवलाय: एरर, आणि समोर मराठीत अर्थ. फर्स्ट इयरच्या मुली येऊन वाचतात, पेनने भरही घालतात.