बारदान वजा जाता

व्यापारी घरात वजनाचे महत्त्व कोणाला शिकवावे लागत नाही. हळदीचे पोते असो की गुळाची ढेप, काटा शून्यावर आहे का, बारदान किती, माल ओला की कोरडा, हे विचारल्याशिवाय आपल्या पेढीवर वजनाचा आकडा लिहिला जात नाही. दुकानातील काटा ठरल्या मुदतीत तपासून त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का घेण्याची शिस्तही आपल्या अंगवळणी पडलेली आहे. आश्चर्य एवढेच, की दीड वर्षाच्या नातवंडाला घेऊन हीच मंडळी बालरोगतज्ज्ञांकडे जातात तेव्हा ही सारी शिस्त दुकानातच राहते. हातपाय झाडणारे मूल कसेबसे काट्यावर टेकवले जाते, पडद्यावर आकडे नाचू लागतात, त्यांतला एक कोणीतरी मोठ्याने उच्चारतो, आणि घरी पोहोचेपर्यंत निवाडा झालेला असतो : "बाळ वाळलं. सूनबाईंचं लक्ष नाही."

ज्या आकड्यावर एवढा मोठा निवाडा उभा राहतो तो आकडा कसा निघतो, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

दीड वर्षाचे मूल काट्यावर स्थिर राहत नाही, यात त्याचा हट्टीपणा शोधू नये. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर असतो. दवाखान्याचा वास, पांढरा कोट आणि मागच्या वेळची सुई या तिन्हींची सांगड घालण्याइतकी समज तोवर मुलाला आलेली असते. त्यात कपडे उतरवलेले, खाली थंडगार तबकडी, आणि आईचा हात सुटलेला. अशा वेळी जे मूल मुकाट पडून राहील त्याचीच खरे तर अधिक विचारपूस करावी लागेल. म्हणून वजन नेहमी सुईच्या आधी घ्यावे, नंतर नव्हे. शक्य असल्यास काट्यावर आधी मुलाचे खेळणे ठेवावे, मग मुलाला स्वतः चढू द्यावे. काही मुलांना एवढे पुरते. पुष्कळांना पुरत नाही.

त्यांच्यासाठी जो उपाय आहे तो आपल्याला परका नाही. भुईकाट्यावर भरलेली गाडी चढते, मग रिकामी गाडी चढते, आणि दोहोंच्या फरकातून मालाचे निव्वळ वजन निघते. मुलाचेही तसेच करता येते. आधी आई एकटी मोठ्या काट्यावर उभी राहते, मग मुलाला कडेवर घेऊन, आणि फरक ते मुलाचे वजन. काही इलेक्ट्रॉनिक काट्यांवर आई उभी असतानाच आकडा शून्य करण्याची सोय असते. नंतर बाळ हातात दिले की केवळ बाळाचे वजन दिसते. आईच्या कडेवर मूल शांत होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही ही पद्धत मान्य आहे. मात्र आईची चप्पल आणि पर्स दोन्ही वेळा बाजूला हवी, आणि आजीने प्रेमाने बाळाच्या पाठीला लावलेला हातसुद्धा काढलेला हवा. टेकवलेला हात वजन घटवतो किंवा वाढवतो, हे तराजूपाशी उभे राहिलेल्या कोणत्याही माणसाला ठाऊक असते.

घरच्या साध्या काट्यावर ही वजाबाकी करू नये, असे मी सुचवीन. तो काटा बहुधा शंभर ग्रॅमपेक्षा सूक्ष्म फरक दाखवत नाही, आणि दोन मापांतून एक निव्वळ वजन काढताना दोन्ही मापांतली चूक त्यात उतरते.

आता बारदानाकडे वळू. ओला डायपर, बूट आणि जाडी विजार यांचे वजन अर्धा किलोच्याही वर जाऊ शकते. दुधाचा एक पेला पोटात गेला की सुमारे दोनशे ग्रॅमची भर पडते. ही लहान वाटणारी आकडेवारी एका मोठ्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार एक वर्षाच्या मुलाचे मध्यभागी येणारे वजन ९.६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचे १२.२ किलो. मुलींचे अनुक्रमे ८.९ आणि ११.५ किलो. दोघांचीही दुसऱ्या वर्षातील वाढ सुमारे २.६ किलो, म्हणजे महिन्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास. सबब मागच्या वेळी डायपरसह आणि पोटभर दूध पिऊन वजन झाले असेल व या वेळी उघड्या अंगाने, उपाशीपोटी झाले असेल, तर दोन-तीन महिन्यांची खरी वाढ त्या फरकातच नाहीशी होते. मूल मजेत वाढत असते आणि कागदावर 'घट' उमटते. मग टॉनिक येते, महागड्या पावडरीचा डबा येतो, आणि आईच्या ताटातला घास कडू होतो.

आणखी एक गोष्ट याच आकड्यांत दडलेली आहे. पहिल्या वर्षात हेच मूल जन्माच्या सुमारे ३.३ किलोंवरून ९.६ वर पोहोचलेले असते, म्हणजे जवळजवळ तिप्पट. दुसऱ्या वर्षात वाढीचा वेग निम्म्याहूनही खाली येतो, आणि त्याबरोबर भूकही मंदावते. "पहिल्या वर्षी कसा गुटगुटीत होता, आता काही लागत नाही अंगाला," ही तक्रार प्रत्येक दवाखान्यात रोज ऐकू येते. ज्याला आपण वाढ खुंटणे म्हणतो ती पुष्कळदा निसर्गाची ठरलेली चाल असते. शेजारच्या मुलाशी तुलना तर सर्वांत फसवी. दोन वर्षांच्या मुलग्याचे वजन ९.७ किलोपासून १५.३ किलोपर्यंत कोठेही असले तरी ते अपेक्षित पट्ट्यात मोडते. मुलीसाठी हाच पट्टा ९ ते १४.८ किलोंचा आहे.

मग आकड्याला अर्थ केव्हा येतो? एका दिवसाच्या गल्ल्यावरून पेढीची प्रकृती कोणी ठरवत नाही. खतावणी उघडून मागच्या नोंदी पाहाव्या लागतात. लसीकरणाच्या कार्डातील वाढीचा आलेख ही बाळाची खतावणी आहे. डेव्हिड मॉर्ले या इंग्रज बालरोगतज्ज्ञांनी नायजेरियातील इमेसी या खेड्यात काम करताना अशा आलेखाचा पाया घातला. त्यांनी ते कार्ड दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या हाती दिले, ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. आज आपल्याकडे वापरले जाणारे प्रमाण २००६ साली प्रसिद्ध झाले. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची मापे त्यासाठी घेतली गेली. भारतातील मुले दक्षिण दिल्लीची होती. आईचे दूध, वेळेवर लसी आणि स्वच्छ राहणी लाभलेल्या या मुलांची उंची सहाही ठिकाणी जवळजवळ सारखीच वाढली. "आमच्या घराण्याची अंगकाठीच बारीक," हे समाधान निदान पहिल्या पाच वर्षांपुरते तरी जपून वापरावे.

आलेखावर मुलाचे टिंब कोठे पडले यापेक्षा मागच्या टिंबांना जोडणारी रेघ कोणीकडे चालली आहे ते पाहावे. खालच्या अंगाने का होईना, पण आपल्या वाटेने वर चढणारी रेघ डॉक्टरांना चिंतेत टाकत नाही. नीट घेतलेल्या दोन-तीन वजनांत रेघ आडवी झाली, किंवा वरची वाट सोडून खालच्या वाटेला लागली, तर मात्र थांबू नये. जुलाब, पुन्हा पुन्हा येणारा ताप किंवा कोमेजलेपण सोबत असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहण्याचे कारण नाही. रेघ झपाट्याने वर पळत असेल तर तेही डॉक्टरांना दाखवावे. आपल्या घरांत तूप-साखरेची ददात नसते, आणि गुटगुटीतपणाचे कौतुक आपण जरा जास्तच करतो.

हेच आलेख मुलींसाठी गुलाबी आणि मुलग्यांसाठी निळ्या रंगात छापलेले असतात, आणि येथे मला एक बोच बोलून दाखवायची आहे. नातवाचे वजन दोनशे ग्रॅम कमी भरले तर घर हलते. नातीचे भरले तर "मुलीची जात, नाजूकच असायची," म्हणून कार्ड घडी घालून ठेवले जाते. वाचकहो, मुलीचे वजन स्वभावतः जे थोडे कमी असते ते त्या गुलाबी तक्त्यात आधीच वजा केलेले आहे. त्यातून पुन्हा सूट देणे म्हणजे एकाच पोत्याचे बारदान दोनदा कापणे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान सांगितलेले आहे, घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे. पाठशाळेत लहानपणीच शिकलेली ही गोष्ट दुकानाच्या उंबऱ्यापाशी थांबू नये.

वजन वाढवण्याच्या घाईत घरोघरी होणारा एक उद्योग म्हणजे दुधावर दूध पाजणे. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध प्यायलेल्या मुलाला जेवणाची भूक उरत नाही, आणि दुधात लोह नगण्य. काट्यावर आकडा बरा दिसतो, आणि आत रक्त मात्र फिके होत जाते. अंडे आपल्याकडे वर्ज्य, हे डॉक्टरांना संकोच न करता सांगावे. घट्ट वरण, मऊ शिजवलेली उसळ, नाचणी, पालेभाजी, वर लिंबू आणि तूप, शेंगदाण्याचे बारीक कूट, असा आहार ते त्याप्रमाणे बसवून देतात. कूट म्हणजे कूटच. अख्खा शेंगदाणा या वयात घशात अडकतो.

नेमके वजन लागते ते केवळ आलेखासाठी नव्हे. तापाचे साधे पॅरासिटामॉलसुद्धा मुलाच्या वजनावर ठरते : एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोचे मूल कार्डावर 'अंदाजे बारा' लिहिले गेले, की प्रत्येक औषधाची मात्रा पाचव्या हिश्श्याने चढते. त्यात थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली एकसारखी समजली जाते. थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम औषध असते. नेहमीच्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२०. म्हणजे तेवढ्याच द्रवात चौपटीहून अधिक फरक. पोते हाताने तोलून वजन सांगणारे हमाल आपण सर्वांनी पाहिले आहेत, पण ती कला येथे चालत नाही. मूल रडते म्हणून काटा टाळला जात असेल, तर "आम्ही दहा मिनिटे थांबतो, शांत झाल्यावर पुन्हा बघू या," असे आईने किंवा सोबतच्या आजीने सांगावे. चांगल्या दवाखान्यात याचा राग कोणी मानत नाही.

पुढच्या भेटीला जाताना कार्ड सोबत घ्या. जमल्यास तोच दवाखाना, तोच काटा, दिवसाची साधारण तीच वेळ आणि अंगावर फक्त एक झबले. काटा शून्यावर आहे का हे विचारायला लाजू नका. वजनाशेजारी तारीख लिहून घ्या, आणि मूल कडेवर होते की एकटे, तेही. मूल दोन वर्षांचे होत असेल तर आणखी एक ध्यानात ठेवावे : तोवर त्याची लांबी निजवून मोजतात, पुढे उंची उभे करून. निजून भरलेले माप उभ्या मापापेक्षा सरासरी ०.७ सेंटिमीटरने अधिक असते, तेव्हा आजोबांनी घरी येऊन नातू खुजा झाल्याची वर्दी देऊ नये.