कायद्याआधी माहेर हवे

मुलींच्या विक्रीची बातमी आली की आपल्याकडील प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पोलीस काय करीत होते? कायदा अधिक कठोर का करीत नाहीत? प्रश्न रास्त आहेत. परंतु ते विचारून हात झटकण्याची जी सवय समाजाला जडली आहे, तिचा समाचार घेतला पाहिजे. देहव्यापारास आळा घालणारा कायदा देशात १९५६ पासून आहे. मानवी व्यापारासाठी कठोर शिक्षा सांगणारे भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ हे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. त्यापूर्वी दंडसंहितेत कलम ३७० होतेच. तरीही बाजार बंद झालेला नाही. कारण कायद्याचा हात बहुधा मुलगी घराबाहेर गेल्यानंतर पोहोचतो. दलाल मात्र ती घरात असतानाच पोहोचलेला असतो.

नेपाळशी आपले रोटी-बेटीचे नाते आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या बेटीचे आपल्या महानगरात काय झाले? फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या वेश्यावस्त्यांवर छापे पडले आणि शेकडो मुलींची सुटका झाली. त्यांत नेपाळी मुलींची संख्या मोठी होती. त्यांना परत घेण्यास त्यांच्या देशाचे सरकारही कचरले. रोगाचे भय आणि लोकलज्जा यांपुढे नात्याने मान टाकली. अखेर तेथील स्वयंसेवी संस्थांनी शंभराहून अधिक मुलींना मायदेशी नेले.

त्यांतीलच काही मुलींनी त्याच वर्षी 'शक्ती समूह' ही संघटना उभी केली. गावोगावी जाऊन त्या मुलींना आणि पालकांना सावध करू लागल्या. २०१३ मध्ये या संघटनेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अनुराधा कोइराला यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचे नाव आहे 'माइती नेपाळ'. माइती म्हणजे माहेर. सीमेवरील नाक्यांवर या संस्थेच्या स्त्रिया उभ्या राहतात आणि संशयास्पद रीतीने नेल्या जाणाऱ्या मुलींना थांबवून चौकशी करतात. ज्या स्त्रिया स्वतः त्या नरकातून आल्या, त्यांची नजर दलालाला अचूक ओळखते.

या कामाचा बोध आपल्यासाठी स्पष्ट आहे. दलाल पुष्कळदा ओळखीचा असतो. कधी नातलग, कधी गावातलीच एखादी बाई. 'शहरात नोकरी लावतो', 'हुंडा नको, लग्नाचा खर्चही आमचाच', ही त्याची आमिषे. ती फळतात कोठे? जेथे मुलीची शाळा सुटली आहे, डोक्यावर सावकाराचे कर्ज आहे आणि आईच्या हाती स्वतःचा पैसा नाही तेथे. म्हणून सातवीनंतर शाळा सोडणारी प्रत्येक मुलगी हा गावाच्या चिंतेचा विषय व्हावा. बचत गटाने सावकाराची गरज संपवावी. परगावचे स्थळ आले, तर ग्रामसभेने आणि महिला मंडळाने त्याची प्रत्यक्ष चौकशी केल्याविना अक्षता पडू नयेत. १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत असावा.

'आमच्या घरात असे काही नाही', असे म्हणणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनाही एक प्रश्न आहे. घरकामाला परमुलुखातील कोवळी पोर ठेवताना तिला कोणी आणले, तिचे वेतन कोणाच्या हाती जाते, हे आपण विचारले का? आणि गिऱ्हाईक आकाशातून पडत नाही. तो आपल्याच समाजात, प्रतिष्ठेने वावरतो. देवदासी प्रथेला धर्माचे नाव देऊन मुली सोडणारा समाजही आपलाच होता. महाराष्ट्राला २००५ मध्ये त्यासाठी नवा निर्मूलन कायदा करावा लागला, ही भूषणाची गोष्ट नव्हे. नवरात्रात कुमारिकेचे पाय धुवायचे आणि सुटून आलेल्या मुलीला उंबरठा ओलांडू द्यायचा नाही, हा धर्म नव्हे, दंभ आहे.

कार्यकर्त्यांनी आपल्या सेवावस्तीपासून आरंभ करावा. शाळा सुटलेल्या मुलींची यादी करावी, मातांचे गट बांधावेत, परतलेल्या मुलीसाठी एक तरी दार उघडे ठेवावे. वृद्ध जटायूने सीतेचा आक्रोश ऐकला, तेव्हा आपले बळ किती याचा हिशेब केला नाही. गावागावांत असे जटायू उभे राहिले पाहिजेत. ज्या मुलीच्या पाठीशी सारे गाव माहेर म्हणून उभे आहे, तिच्यावर हात टाकण्याची दलालाची छाती होणार नाही.