तो आईचा आळस नव्हता

वैशाखात आई स्वेटर घालून बसायची. साबण लावूनही हातातल्या बांगड्या निघेनात. पोळ्या लाटता लाटता ती ओट्याला टेकून डोळे मिटायची. वय झालं, आळशी झालीय, असं घरात सगळे म्हणत. मीही म्हणालो, याचं आज फार वाईट वाटतं. ती तेव्हा 47 वर्षांची होती. दोन वर्षं अशीच गेली, मग एका डॉक्टरांनी टीएसएच तपासायला सांगितलं.

गळ्यात, कंठाच्या जरा खाली, फुलपाखरासारखी थायरॉइड ग्रंथी असते. शरीराची चूल किती पेटती ठेवायची ते तिची संप्रेरकं ठरवतात. ती मंदावली की मेंदूच्या तळाची वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी टीएसएच हे आपलं संप्रेरक वाढवून तिला हाकांवर हाका मारते. आईच्या रिपोर्टमधला मोठा आकडा म्हणजे त्या हाका होत्या. आकडा मोठा म्हणजे ग्रंथी जोरात, असं कितीतरी जण समजतात. बहुतेक वेळा नेमकं उलटं असतं.

बाईच्या थकव्याला स्वभाव ठरवण्याआधी रक्त तपासा, एवढंच माझं म्हणणं आहे. गावातल्या आरोग्य केंद्रातही ही तपासणी सहज व्हायला हवी, त्यासाठी तालुक्याला खेटे घालावे लागू नयेत.

आई आता पहाटे उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते, अर्ध्या तासाने चहा. कॅल्शियमची गोळी चार तास लांब. गेल्या संक्रांतीला बांगड्या तिने स्वतःच काढल्या आणि नव्या भरल्या.