शिमेलमान घराण्याच्या पदव्यांचा हिशेब

डॅनिश उमरावांविषयी लिहिताना शिमेलमान घराण्यातील मुलाचे गुणगान होते आणि बाप तळटीपेत जातो. ही विभागणी मला मान्य नाही.

प्रथम पदव्यांविषयी. १६७१ मध्ये राजा पाचवा ख्रिश्चन याने काउंट आणि बॅरन ही पदे जमिनीशी जोडली. बॅरनसाठी हजार पिंपे ‘हार्टकोर्न’, काउंटसाठी अडीच हजार. हार्टकोर्न म्हणजे क्षेत्रफळ नव्हे, तर जमिनीच्या धान्य पिकवण्याच्या कुवतीवर बेतलेली कराची मोजणी. कुळाची थोरवी अशी धान्याच्या पिंपांत मोजली जाई.

हाइनरिख कार्ल शिमेलमान (१७२४–१७८२) हा पोमेरेनियातील व्यापाऱ्याचा मुलगा. सप्तवार्षिक युद्धात प्रशियाने सॅक्सनीत जप्त केलेली माइसेनची चिनी मातीची भांडी त्याने विकत घेतली आणि हॅम्बुर्गला विकून तो गब्बर झाला. १७६२ मध्ये युटलंडमधील लिंडेनबोर्ग विकत घेतले आणि त्याच वर्षी तो बॅरन झाला. १७६८ मध्ये राज्याचा खजिनदार, १७७३ मध्ये हत्तीच्या नावाचा सर्वोच्च सन्मान (डेन्मार्कमध्ये हत्ती!), १७७९ मध्ये काउंट. मुली ज्युलिया आणि कारोलिने अनुक्रमे रेव्हेंटलो आणि बाउडिसिन या सरदार घराण्यांत पडल्या.

या वैभवाला १७६३ नंतर आणखी एक आधार होता. डॅनिश वेस्ट इंडीजमधील राजाचे उसाचे मळे त्याने घेतले आणि सुमारे हजार गुलामांचा तो धनी झाला. त्याच्या कारखान्यातील बंदुका आफ्रिकेच्या व्यापारात जात. मळ्यांची साखर कोपनहेगनच्या त्याच्याच कारखान्यात शुद्ध होई.

पुत्र एर्न्स्ट (१७४७–१८३१) अर्थमंत्री झाला. १७९२ चा गुलामव्यापारबंदीचा हुकूम, युरोपातील असा पहिलाच, मुख्यतः त्याच्या प्रयत्नांचे फळ. पण बंदी लागू व्हायची होती १८०३ पासून! मधल्या काळात गुलाम खरेदीसाठी मळेवाल्यांना सरकारी कर्जेही मिळाली. एर्न्स्टने स्वतःचे वडिलोपार्जित मळे सोडले नाहीत. आजारी कवी शिलरला १७९१ मध्ये ज्यांनी तीन वर्षांचे वर्षासन देऊ केले, त्या दोघांपैकी एक हाच. त्या उदार हाताला साखर चिकटलेली होती, हे सांगितल्याने त्याचे श्रेय बुडत नाही. न सांगितल्याने मात्र त्या हजार माणसांचा उल्लेखच गळतो. त्या बेटांवरील गुलामगिरी संपली १८४८ मध्ये, तीही सेंट क्रॉयवर गुलाम उठले तेव्हा.

हॅम्बुर्गच्या वांड्सबेक भागात बापाचा अर्धपुतळा २००६ मध्ये बसवला आणि निषेधानंतर २००८ मध्ये काढला. त्याची समाधी तिथे आजही उभी आहे.