मराठी हायकू : यमक आणि अवधान

मराठीत हायकू रुजविण्याचे श्रेय शिरीष पै (१९२९–२०१७) यांना दिले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यांच्यामागून आलेल्या विपुल लेखनाने तीन ओळी आणि त्यांपैकी दोहोंचे यमक म्हणजे हायकू, असे समीकरण रूढ केले. परिणामी हायकू हा चारोळीचा धाकटा भाऊ ठरला.

वस्तुतः जपानी हायकूत यमकाची अट नाही. तेथे पाच-सात-पाच अशी ध्वनिघटकांची मोजणी असते, आणि ती आपल्या अक्षरगणनेपेक्षा मात्रागणनेला जवळची आहे. दीर्घ स्वराचे तेथे दोन घटक होतात. तेव्हा सतरा अक्षरे मोजून काटेकोरपणाचा अभिमान बाळगणाऱ्याचे मापच निराळे असते.

संख्येपेक्षा महत्त्वाचा आहे तो छेद. 'किरेजी' हा छेददर्शक शब्द दोन प्रतिमांमध्ये फट ठेवतो आणि वाचकाचे मन त्या फटीत वावरते. यमक बहुधा ही फट बुजविते, उक्तीला पूर्णता देते. चारोळीला ती पूर्णता हवीच असते; हायकूला ती मारक ठरते. शिरीष पै यांनी यमक स्वीकारले तरी त्यांची दृष्टी क्षणावर खिळलेली होती. अनुकरण झाले ते यमकाचे.

मासाओका शिकी (१८६७–१९०२) याने 'शासेइ'चा, म्हणजे प्रत्यक्ष पाहून रेखाटण्याचा, आग्रह धरला. क्षयाने अंथरुणाला खिळल्यावरही तो घरापुढील लहानशा बागेकडे पाहून लिहीत राहिला. हायकूलेखनाने मनःशांती लाभते असे अलीकडे सांगितले जाते, लाभतही असेल. परंतु शिकीच्या अवधानाचा विषय बाग होती, स्वतःचे मन नव्हे.

जपानी कवीच्या हाताशी 'साइजिकी' हा ऋतुशब्दांचा कोश असतो. मराठीत तसा कोश नसला, तरी दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) आहे. मग चेरीचा बहर उसना का आणावा? वळीव आहे, बहावा आहे. पुण्यातील पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारलेले आहे खरे. पण तेथे कोसळणारा पाऊस जूनचा, पुण्याचाच असतो.

पदव्युत्तर वर्गात हा प्रकार व्याख्या आणि दोन उदाहरणे यांवर उरकण्याऐवजी विद्यार्थ्याला आठवडाभर एकाच झाडाच्या नोंदी करावयास सांगाव्यात. त्यांत भाववाचक नामे वर्ज्य मानावीत. हायकू त्यानंतर लिहावा, आणि सुचलाच तर.